मुलाखत वाचायला द्यावी की ऐकायला? न्यूजलेटर काढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूजलेटरमध्ये कुणाशी तरी झालेला संवाद द्यायचं ठरलं की हा प्रश्न लगेच समोर येतो. खालचे प्रश्न एकट्यानं किंवा दोघा-तिघांच्या बळावर न्यूजलेटर चालवणाऱ्यांना नेहमी पडणारे आहेत. उत्तरांमध्ये माझी मतं आहेत आणि जिथे मत आहे तिथे त्यामागचं कारणही दिलं आहे.

एका वाक्यात सांगा: लिखित की ऑडिओ?

बोलणं रेकॉर्ड करा आणि वाचकाला लिखित द्या. बोलणाऱ्याच्या आवाजात मजकुरात न उतरणारं काही असेल, तर तेवढा ऑडिओ द्या आणि तेव्हाही मजकूर सोबत ठेवा.

हा निर्णय एकदा घेऊन कायमचा लागू करता येत नाही. एकाच न्यूजलेटरमध्ये या महिन्याची मुलाखत वाचण्याची आणि पुढच्या महिन्याची ऐकण्याची असू शकते. "आमचं न्यूजलेटर ऑडिओवालं" असं आधीच जाहीर केलं की दर वेळी मुलाखतीला त्या साच्यात बसवावं लागतं.

लिखित मुलाखत म्हणजे ईमेलवर प्रश्न पाठवून उत्तरं मागवायची, असंच ना?

तो एक प्रकार झाला. एका नावाखाली इथे तीन वेगळ्या गोष्टी येतात. ईमेलवरची प्रश्नोत्तरं, ज्यात समोरचा माणूस स्वतः लिहितो. रेकॉर्ड केलेल्या संभाषणाचं शब्दांकन, ज्यात माणूस बोलतो आणि संपादक लिहितो. आणि ऑडिओ, ज्यात बोलणं बोलणंच राहतं. पहिल्या दोन्ही वाचायच्याच असल्या तरी त्यांच्यातलं अंतर शब्दांकन आणि ऑडिओ यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठं आहे.

लिहायला बसलं की माणूस सावध होतो. वाक्य लिहितो, खोडतो, आपल्या पदाला शोभेल असं करून पाठवतो. तोच माणूस बोलताना मध्येच थांबतो, "नाही, तसं नव्हतं" म्हणत स्वतःला दुरुस्त करतो आणि बरेचदा मुलाखतीचा गाभा त्या दुरुस्तीतच सापडतो. शिवाय ईमेलमध्ये उलटप्रश्न जमत नाही. "म्हणजे नेमकं काय झालं?" हे तिथल्या तिथे विचारलं तर आठवण बाहेर येते, दोन दिवसांनी ईमेलनं विचारलं तर स्पष्टीकरण येतं. म्हणून छापील मुलाखतीसाठीसुद्धा आधी बोलावं, हा माझा आग्रह आहे. न्यूजलेटरमधल्या बऱ्याच मुलाखती निर्जीव वाटतात त्या ईमेलवर झालेल्या असतात म्हणून. दोष बिचाऱ्या मजकुराला लागतो आणि मग "लोकांना आता ऑडिओच हवा" असा निष्कर्ष निघतो.

वाचायला कमी वेळ लागतो की ऐकायला?

वाचायला, आणि फरक चांगला मोठा आहे. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेल्या सरासरीनुसार प्रौढ माणूस इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनात वाचताना मिनिटाला सुमारे २३८ शब्द वाचतो. इंग्रजी बोलण्याचा वेग साधारण १५० शब्दांच्या आसपास धरतात. म्हणजे तासाभराच्या गप्पांत नऊ हजारांच्या आसपास शब्द होतात आणि ते सगळे जसेच्या तसे वाचले तर अडतीस मिनिटं लागतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे मोजणी थोडी वेगळी भरेल. डोळे जिभेच्या पुढे धावतात हे तिथेही खरंच.

पण खरी बचत डोळ्यांच्या वेगामुळे होत नाही, संपादनामुळे होते. त्या नऊ हजार शब्दांचं चांगलं शब्दांकन अडीच हजारांत बसतं आणि ते अकरा मिनिटांच्या आत वाचून होतं. ऑडिओतही कापाकापी करता येते, पण तासाभराच्या बोलण्याची अकरा मिनिटं करायला गेलात तर सांधे कानाला खुपतात.

वाचणाऱ्याला आणखी एक सोय असते: पुढे काय आहे ते त्याला दिसतं. नको असलेला प्रश्न ओलांडून तो पुढच्या प्रश्नावर जातो. ऐकणाऱ्याला अंधारातच पुढे सरकावं लागतं. "दीडपट वेगानं ऐकतील की" असं कुणी म्हणेल. तास चाळीस मिनिटांवर येईल हे खरं. पण विराम आणि बोलण्याची लय यांच्यासाठी ऑडिओ निवडला असेल तर त्या वेगात नेमक्या त्याच गोष्टी चेपल्या जातात.

पण लोक चालताना, काम करताना ऐकतात. वाचायला त्यांना वेगळा वेळ कुठून मिळणार?

ऑडिओच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. हात आणि डोळे गुंतलेले असताना कान मोकळे असतात आणि त्या वेळेत लेख वाचता येत नाही. मात्र त्या वेळेत कसलं ऐकणं होतं, हेही बघायला हवं.

डेव्हिड डॅनियल आणि विल्यम वूडी यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक मजकूर पॉडकास्टमधून ऐकवला आणि दुसऱ्या गटाला तोच वाचायला दिला. नंतरच्या चाचणीत ऐकणाऱ्यांना कमी गुण मिळाले. २०१३ मधल्या एका अभ्यासात मोठ्यानं वाचणं, मनात वाचणं आणि ऐकणं यांची तुलना झाली, तेव्हा ऐकताना मन सर्वांत जास्त भरकटलेलं दिसलं. याउलट बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांना २०१६ मध्ये पुस्तकातला भाग ऐकणाऱ्या आणि स्क्रीनवर वाचणाऱ्या प्रौढांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. या तिन्हींवरून मी असा अर्थ काढतो: गोष्टीसारखा वाहता मजकूर कानानं नीट पोचतो, लक्षात ठेवायचा, मागे जाऊन पुन्हा बघायचा मजकूर कानातून निसटतो.

तेव्हा वाचक तुमची मुलाखत का उघडतो, ते आधी ठरवा. कुणाच्या तरी सहवासात थोडा वेळ काढायचा असेल तर ऑडिओ उत्तम. काहीतरी शिकून उद्या वापरायचं असेल तर मजकूर.

आवाजात असं काय असतं जे मजकुरात उतरत नाही?

काही गोष्टी उघड आहेत: गाणारा माणूस गाऊन दाखवतो, पक्ष्यांचा अभ्यासक शीळ घालून हाक ओळखायला शिकवतो, वाद्य बनवणारा दोन तारांमधला फरक वाजवून दाखवतो. इथे विचार करायचं कारणच नाही.

खरा विचार करावा लागतो तो साध्या बोलण्याबद्दल. प्रश्न ऐकल्यावर माणूस चार सेकंद गप्प राहतो आणि मग "हो" म्हणतो. छापलं की उरतं नुसतं "हो". कंसात "थोडं थांबून" लिहिता येतं, पण दोनदा लिहिलं की ते नाटकी वाटायला लागतं. तीच गत हसण्याची. स्वतःच्या दुःखाबद्दल बोलताना आलेलं हसू आणि विनोदावर आलेलं हसू, दोन्ही कागदावर "हसतात" एवढंच होऊन जातं. दोन जुने मित्र एकमेकांचं वाक्य पुरं करतात, तेही छापताना चार तुटक ओळींसारखं दिसतं.

बोलीचंही तसंच. एखाद्याच्या बोलण्याचा हेल, दोन शब्दांमधलं लांबवणं, ठरावीक शब्दावरचा जोर, यांतून तो माणूस कुठून आलाय आणि कुणाशी बोलतोय हे सांगून जातं. लिपीला ते पेलत नाही. बोली छापताना एक तर तिचं प्रमाणभाषेत रूपांतर होतं आणि माणूस हरवतो, नाहीतर उच्चारासकट लिहिली जाते आणि काही वाचकांना ती चेष्टा वाटते. ऑडिओत हा पेचच पडत नाही.

आवाजाची किंमत नीट ओळखलेला एक उपक्रम म्हणजे २००३ मध्ये डेव्ह आयसे यांनी सुरू केलेला स्टोरीकॉर्प्स. एकमेकांना ओळखणारी दोन माणसं साधारण चाळीस मिनिटं बोलतात. ही रेकॉर्डिंग्ज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केली जातात. पण रेडिओवर त्यांतली मोजकी मिनिटंच ऐकवली जातात. जतन करायला पूर्ण बोलणं आणि लोकांना ऐकवायला त्यातला नेमका तुकडा, ही विभागणी लहानशा न्यूजलेटरलाही उचलता येण्यासारखी आहे.

आपल्या मुलाखतीत असं काही आहे का, हे कसं ओळखायचं?

रेकॉर्डिंग उतरवून घ्या आणि मजकूर दोन-तीन दिवस बाजूला ठेवा. मग तो आवाज न ऐकता वाचा. वाचताना "इथे तो कसा म्हणाला होता ते ऐकायला हवं" असं ज्या ज्या जागी वाटेल तिथे खूण करा. खुणा झाल्याच नाहीत तर लिखित द्या. एक-दोन झाल्या तर लिखित देऊन तेवढे तुकडे ऐकायला द्या. पानोपानी खुणा होत असतील तर ही मुलाखत ऐकण्याचीच आहे. ती छापून तुम्ही वाचकाचं नुकसान कराल.

ही परीक्षा शक्य असेल तर मुलाखतीला हजर नसलेल्या कुणाकडून करवून घ्या. मुलाखत घेणाऱ्याच्या कानात तो आवाज अजून वाजत असतो, त्यामुळे छापलेल्या कोरड्या वाक्यातही त्याला ओलावा जाणवत राहतो.

कोणती मुलाखत निव्वळ ऑडिओत देऊच नये?

जिच्यात आकडे, नावं, पत्ते, पायऱ्या किंवा सूत्रं येतात ती. औषधाची मात्रा, कायद्याचं कलम, संगणकाला द्यायची आज्ञा, वाचनासाठी सुचवलेल्या पुस्तकांची नावं हे सगळं डोळ्यांसमोर लागतं. समोरचा माणूस परक्या भाषेत अडखळत बोलत असेल तरीही लिखितच बरं: त्याचे विचार पक्के असतात, पण ऐकणाऱ्याचं लक्ष अडखळण्याकडे जातं आणि त्याच्यावर अन्याय होतो.

आणि जिथे बोलणाऱ्याची ओळख लपवायची आहे तिथे तर नक्कीच नाही. मजकुरात नाव आणि गाव बदलता येतं. आवाजाची पट्टी खालीवर केली तरी बोलण्याची लकब तशीच राहते आणि घरचा किंवा ऑफिसातला माणूस ती दोन वाक्यांत ओळखतो.

मग ईमेल मुलाखत कधीच घेऊ नये का?

घ्यावी, कारण असेल तेव्हा. समोरच्याला बोलण्याचा किंवा ऐकण्याचा त्रास असेल, किंवा लिहिणं हीच त्याला मोकळं करणारी गोष्ट असेल, तर ईमेल ही तडजोड राहत नाही, तोच योग्य मार्ग ठरतो. विषय अतिशय तांत्रिक असेल आणि प्रत्येक शब्द मोजून टाकायचा असेल तेव्हाही. दोघांच्या घड्याळात दहा-बारा तासांचं अंतर असेल तरी ईमेल सोयीची पडते, पण ते कारण मला पुरेसं वाटत नाही. एक कॉल जुळवता येतोच.

घ्यायचीच तर एका दमात वीस प्रश्न पाठवू नका. तीन-चार पाठवा, उत्तरं वाचा आणि त्या उत्तरांतून सुचलेले पुढचे तीन-चार पाठवा. मुलाखत देणाऱ्यालाही कुणीतरी आपलं नीट वाचतंय हे जाणवतं आणि दुसऱ्या फेरीतली उत्तरं बहुधा जास्त मोकळी येतात.

शब्दांकन करताना किती बदल चालतात?

या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं आणि लिखित मुलाखतीचा सगळा विश्वास याच्यावरच उभा असतो. ऑडिओत बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज साक्षीला असतो. लिखितात वाचकाला तुमच्यावर भरवसा ठेवावा लागतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न थेट आला होता. मनोविश्लेषक जेफ्री मॅसन यांनी पत्रकार जॅनेट माल्कम आणि 'द न्यूयॉर्कर' यांच्यावर खटला भरला. आपल्या तोंडी घातलेली काही अवतरणं टेपवर नाहीतच, अशी त्यांची तक्रार होती. १९९१ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की अवतरणातले शब्द जाणूनबुजून बदलले एवढ्यावरून ते कायद्याच्या दृष्टीनं खोटं ठरत नाही. बदलामुळे अर्थात लक्षणीय फरक पडला तर ठरतं. कायद्याची रेघ तिथे आहे. चांगल्या संपादकानं ती गाठेपर्यंत थांबू नये.

माझे नियम असे आहेत. "म्हणजे", "काय आहे ना", "तसं बघायला गेलं तर" हे भराव्याचे शब्द काढावेत. अर्धवट सुरू होऊन सोडून दिलेली वाक्यं काढावीत. प्रश्नांचा क्रम बदलला तरी चालेल, पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली कधीही लावू नये. खुलासा हवा असेल तर तो चौकोनी कंसात, आपला म्हणून द्यावा. बोलणाऱ्याच्या तोंडी नवीन शब्द घालू नये, अगदी त्याच्या फायद्याचा असला तरी.

एका जागी मात्र फार जपावं लागतं. "बहुतेक", "मला आठवतं त्याप्रमाणे", "त्या वेळी तरी" हेही दिसायला भराव्याचेच शब्द वाटतात आणि वाक्य आटोपशीर करताना पहिल्यांदा त्यांच्यावरच कात्री चालते. "त्या वेळी तरी मला ते पटलं होतं" आणि "मला ते पटलं होतं" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात माणसानं पुढे मत बदलल्याची चाहूल आहे. असा शब्द गेला की माणूस होता त्यापेक्षा ठाम दिसतो आणि मग लोक त्याच्याशी त्या ठामपणाबद्दल भांडतात.

मुलाखतीच्या वर एक ओळ टाका: संभाषण कधी झालं आणि ते लांबी व स्पष्टतेसाठी संपादित केलं आहे. एवढं पुरतं.

छापण्याआधी मजकूर मुलाखत देणाऱ्याला दाखवावा का?

याबाबत दोन परंपरा आहेत. बातमीदारीत सहसा दाखवत नाहीत, कारण दाखवला की अडचणीची वाक्यं गायब होतात. साहित्यिक मुलाखतींत दाखवतात. 'द पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या १९५३ च्या पहिल्या अंकापासून चाललेल्या लेखकांच्या मुलाखती, ज्यांतली पहिली ई. एम. फॉर्स्टर यांची होती, बोलणाऱ्याला मजकुरावर हात फिरवू देण्यासाठीच ओळखल्या जातात. त्या मुलाखती म्हणजे एका अर्थी दोघांनी मिळून केलेलं लेखन.

तुमचं न्यूजलेटर सत्ता असलेल्या माणसाला जाब विचारत असेल तर दाखवू नका. आकडे आणि नावं तेवढी फोनवर पडताळून घ्या. एखाद्याचं काम, आयुष्य किंवा कौशल्य समजून घ्यायला बोलला असाल तर जरूर दाखवा. काहीही करा, पण ते बोलायला बसण्याआधी सांगा. नंतर ठरवलं की दोन्ही बाजूंना फसवल्यासारखं वाटतं.

सॉफ्टवेअर आता सगळं उतरवून देतं. मग शब्दांकनाला वेळ का लागावा?

हातानं उतरवायचं तर तासाभराच्या रेकॉर्डिंगला सवयीच्या माणसालाही चार तास धरावे लागतात. ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये 'व्हिस्पर' हे बोलणं मजकुरात उतरवणारं सॉफ्टवेअर खुलं केल्यापासून हे काम खूपच हलकं झालं आहे आणि ते सॉफ्टवेअर वापरायला माझा काहीही विरोध नाही.

पण उतरवणं आणि शब्दांकन ही दोन कामं आहेत. यंत्र शब्द देतं; त्यातलं काय ठेवायचं हे तुम्हालाच ठरवायचं असतं. शिवाय यंत्राच्या चुका फसव्या असतात. माणूस चुकला की ओळ अर्धवट दिसते. यंत्र चुकलं की वाक्य व्याकरणशुद्ध आणि साफ खोटं येतं. शांततेच्या किंवा गोंगाटाच्या जागी ते कुणी न उच्चारलेली वाक्यं घालतं, विशेषनामांना ओळखीच्या शब्दांत बसवतं आणि वाक्याच्या शेवटचं पुसट "नाही" गाळतं. मराठीत नकार बरेचदा शेवटीच येतो, तेव्हा हे धोक्याचं आहे. दोन भाषा मिसळून बोलणाऱ्याच्या बाबतीत तर आणखीच. म्हणून छापायची प्रत्येक ओळ रेकॉर्डिंगशी कानानं ताडून बघा. सगळं रेकॉर्डिंग नव्हे, छापणार तेवढंच.

ऑडिओ देतोय, तर सोबत पूर्ण मजकूर द्यायलाच हवा का?

हो. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं ते तुमचे वाचक आहेत. ईमेलची यादी तुम्ही वाचणाऱ्यांची म्हणूनच उभी केली होती. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आधी रेकॉर्ड केलेल्या निव्वळ ऑडिओला मजकुराचा पर्याय असणं ही 'ए' म्हणजे अगदी पहिल्या पातळीची अट आहे आणि ती २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. शिवाय ऑडिओतलं वाक्य शोधून सापडत नाही, कुणाला उद्धृत करून पाठवता येत नाही. अ‍ॅपल पॉडकास्ट्सनं मार्च २०२४ पासून काही भाषांसाठी आपोआप मजकूर दाखवायला सुरुवात केली, पण कुठल्या तरी अ‍ॅपनं बनवलेल्या, न तपासलेल्या मजकुरावर विसंबून राहू नये.

हा मजकूर संपादित मुलाखतीइतका घोटलेला नसला तरी चालतो. कोण बोलतंय ते कळावं, नावं बरोबर असावीत आणि दर काही मिनिटांनी वेळेची खूण असावी.

ईमेलमध्येच ऑडिओ वाजेल असं करता येतं का?

भरवशानं नाही. बहुतेक ईमेल अ‍ॅप्स आतला ऑडिओ वाजवत नाहीत, म्हणून प्ले बटणाचं चित्र लावून त्याला लिंक देणं हाच चालू मार्ग आहे. फाइल जोडून पाठवायचा विचार सोडा: ६४ केबीपीएसच्या मोनो एमपीथ्रीमध्ये तासाभराचं बोलणं सुमारे २९ एमबी होतं आणि जीमेलची जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे. आणि अशी फाइल न विचारता कुणाच्या इनबॉक्समध्ये टाकूही नये.

मजकुरालाही मर्यादा आहे, हे मराठीत लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा संदेश कापतं आणि "पूर्ण बघा" अशी लिंक दाखवतं. संगणकावर अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, इंग्रजी अक्षर एकच. त्यामुळे इंग्रजीत निर्धास्त जाणारी पाच हजार शब्दांची मुलाखत मराठीत नुसत्या मजकुरानंच या मर्यादेला टेकते. वर मांडणीचा कोड असतोच. लांब मुलाखत दोन भागांत द्या, किंवा सुरुवात ईमेलमध्ये देऊन उरलेली वेबवर ठेवा.

महागडा मायक्रोफोन लागतो का?

लागत नाही. खोली महत्त्वाची: पडदे, पुस्तकं, कपडे असलेली लहान खोली मोकळ्या हॉलपेक्षा कितीतरी बरी. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. दोघांनीही हेडफोन घालावेत, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरतो. दूरवरून बोलत असाल तर प्रत्येकानं आपापल्या यंत्रावर वेगळं रेकॉर्ड करावं. कॉलचं रेकॉर्डिंग इंटरनेट अडखळलं की अडखळतं. बोलणं संपल्यावर अर्धा मिनिट दोघांनी गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करावी, सांधे झाकायला ती उपयोगी पडते. प्रसिद्ध करताना आवाजाची सरासरी पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचं एकक) आसपास आणा, अ‍ॅपलची शिफारस तीच आहे.

रेकॉर्डिंगची परवानगी तोंडी घेतली तर चालते का?

तोंडी घ्या, पण रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर, म्हणजे ती तिथेच नोंदली जाते. कायदा जागोजागी वेगळा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार संभाषणातल्या एकाची संमती पुरते, कॅलिफोर्नियात सगळ्यांची लागते. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असाल तर दोन्हींपैकी कडक नियम पाळावा.

कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की परवानग्या दोन असतात. "नोंदी काढायला रेकॉर्ड करतो" याला दिलेला होकार आवाज प्रसिद्ध करायला दिलेला नसतो. लेखासाठी म्हणून बोललेल्या माणसाचा आवाज त्याला न विचारता प्रसिद्ध करणं हा विश्वासघात आहे, मग त्यात वावगं काही नसलं तरी. आणि आता लोकांना काळजी वाटायला आणखी एक कारण आहे: मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये मांडलेल्या 'वॅल-ई' या मॉडेलला आवाजाची नक्कल करायला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. कुणी "छापा, पण आवाज नको" म्हणालं तर कारण विचारत बसू नका.

एकाच रेकॉर्डिंगमधून दोन्ही करायचं असेल तर प्रश्न कसे विचारावेत?

कानासाठी विचारावेत, मजकूर त्यातून निघतो. उलटं जमत नाही. "हं, हं" म्हणत राहण्याची सवय आवरा आणि मान डोलवा. समोरच्याचं वाक्य संपल्यावर दोन क्षण थांबा, बरेचदा खरं उत्तर त्यानंतर येतं. "तुम्ही मघाशी म्हणालात ते" असं बोलू नका, मुद्दा पुन्हा शब्दांत सांगा, म्हणजे तुकडा वेगळा काढला तरी समजतो. आकडा किंवा अवघड नाव आलं की तिथेच पुन्हा म्हणवून घ्या.

दोन्ही नियमितपणे द्यावं का?

तुमच्याकडे वेळ असेल तर द्या. एकट्या माणसाला ते पेलत नाही आणि मग ऑडिओ न ऐकता चढवला जातो, मजकूर न तपासता. संपादित मुलाखत आणि तिच्यासोबत तीन-चार मिनिटांचा निवडक तुकडा ही जोडी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. वाचक तुकडा ऐकतो आणि मग उरलेलं वाचताना तोच आवाज त्याच्या कानात राहतो.

वाचकांनाच विचारून ठरवावं का?

विचारा, पण "तुम्हाला ऑडिओ आवडेल का?" असं नको. त्याला सगळेच हो म्हणतात. "शेवटची मुलाखत तुम्ही कुठे, काय करत असताना वाचली किंवा ऐकली आणि कुठे सोडली?" असं विचारा.

आकड्यांकडे बघताना सावध राहा. अ‍ॅपल मेलनं सप्टेंबर २०२१ मध्ये आणलेल्या खासगीपणाच्या सोयीमुळे ईमेलमधली चित्रं आधीच उतरवली जातात आणि ईमेल उघडल्याची मोजणी त्या चित्रांवरूनच होत असल्यामुळे न उघडलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जातो. ऑडिओचं डाउनलोड म्हणजेही ऐकणं नव्हे. लोक कितव्या मिनिटाला सोडून जातात हा आकडा त्यापेक्षा बोलका आहे. त्याहून बोलकी म्हणजे वाचकांची उत्तरं: मुलाखतीतलं एखादं वाक्य उचलून कुणी तुम्हाला लिहितं, तेव्हा ती पोचली.

आधी फक्त ऑडिओत दिलेल्या जुन्या मुलाखतींचं काय करावं?

सगळ्या एकदम उतरवायला घेऊ नका. वाचक ज्यांचा अजूनही उल्लेख करतात त्या आधी घ्या आणि जिथे आकडे, नावं, सल्ला जास्त आहे त्यांना पुढे काढा. शब्दांकन केल्यावर मूळ तारीख ठेवा आणि मजकूर नंतर तयार केला आहे हे लिहा, कारण माणसाचं मत एव्हाना बदललेलं असू शकतं. मुलाखत देणाऱ्याला एकदा कळवा; आवाजाला दिलेली परवानगी छापील मजकुराला आपोआप लागू होत नाही. मूळ रेकॉर्डिंग एमपीथ्रीवर न सोडता डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल म्हणून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि ते किती काळ ठेवणार आहात हेही त्याच पत्रात सांगून टाका.